अगाशीवरचा तांबडा सूर्य

सूर्य पाहण्याचा छंद आहे असे मी कोणास सांगितले, की ऐकणारा प्रथम माझ्या चष्म्याकडे पाहतो आणि मग सहानुभूतीने विषय बदलतो. आपल्या घराण्यांचे सूर्याशी नाते तसे फार जुने. पण ते मान खाली घालून राखलेले. सकाळी अर्घ्य दिले, रथसप्तमीस पाटावर रथ काढून अंगणात दूध उतू घालविले, ग्रहणात सुतक पाळले. त्याच्या डोळ्यास डोळा मात्र कोणी भिडविला नाही, आणि ते शहाणपणाचेच होते. जो भिडवावयास गेला, त्याची हकीकत पुढे येईल.

माझ्या या छंदाचा सारा भार दुर्बिणीवर नसून एका फिल्टरवर आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी सांगणे भाग आहे. ग्रहणाच्या वेळी वापरतात ती साधी सौरकाच सर्व रंगांचा प्रकाश सरसकट अडविते. सुमारे लाखातला एक भाग तेवढा पुढे जातो. तिच्यातून सूर्याची शांत, पांढरट तबकडी आणि तिच्यावरचे डाग दिसतात. माझा फिल्टर निराळ्या वृत्तीचा. दृश्य प्रकाशाचा पट्टा साधारण ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम एवढा रुंद मानला (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), तर हा फिल्टर त्यातून ६५६२.८ या तांबड्या रेषेभोवतीचा अर्ध्या अँगस्ट्रॉमचा तुकडा तेवढा निवडतो आणि बाकी सर्व परत पाठवितो. सहा हजार पानांचा ग्रंथ शिवून टाकावा आणि त्यातले एकच पान उघडे ठेवावे, तसा हा प्रकार. ते पान हायड्रोजनचे असते. सूर्याच्या झगझगीत प्रकाशगोलावर काही हजार किलोमीटर जाडीचा एक विरळ थर आहे. त्यास वर्णगोल म्हणतात. एरवी खालच्या लखलखाटात तो पार बुडून जातो. पण या एका रेषेवर हायड्रोजन खालचा प्रकाश गिळून टाकतो, त्यामुळे नेमकी तेवढ्या ठिकाणी वरच्या थराला तोंड दाखविण्याची संधी मिळते.

ही युक्ती प्रथम साधली ती आपल्या देशात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पाहण्यास फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूरला येऊन राहिला होता. खग्रास अवस्थेत सूर्याच्या काठावर तांबडी तेजःशृंगे उभी राहिलेली त्याने वर्णपटदर्शकातून पाहिली. त्यांच्या रेषा त्यास इतक्या तेजस्वी वाटल्या, की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसावयास हव्यात असे त्याने ठरविले, आणि दुसऱ्या दिवशी, भर उजेडात, ग्रहणाविना त्या पाहून दाखविल्या. इकडे इंग्लंडात लॉकियरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी वाचली गेली आणि पुढे १८७२ मध्ये दोघांची मुखे कोरलेले एकच पदक फ्रान्सने काढले. कीर्तीची वाटणी इतक्या समजूतदारपणे झाल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

येथे कोकणातील आप्तांचा रोष पत्करून थोडे विषयांतर करतो. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवितात आणि लॉकियरने १८६८ मध्ये तेथूनच हेलियमचा शोध लावला असे सांगतात. ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला होता हे खरे. परंतु लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. विजयदुर्गास तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, तीस वर्षांनंतर. तेव्हा ओट्यांचा संबंध त्या दुसऱ्या ग्रहणाशी जोडणेच मला सयुक्तिक वाटते. किल्ल्याचे महत्त्व याने तिळभरही उणे होत नाही. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते, ही गोष्ट मात्र आपण विसरलो. त्यांची पुण्याची वेधशाळा भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून उभी राहिली होती. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडईकनालला गेली. तेथे ती 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाते. गुजरातच्या पैशाने महाराष्ट्रात उभारलेली आणि तमिळ डोंगरावर विसावलेली ही दुर्बीण बडोद्याच्या मराठी माणसास आपलीशी न वाटली तरच नवल. त्याच १९१२ सालापासून कोडईकनालला हायड्रोजनच्या तांबड्या रेषेत सूर्याची छायाचित्रे घेण्यास आरंभ झाला.

जान्सेनची पद्धत वर्णपट पसरून त्यातली एक रेषा पाहण्याची. फिल्टरने ते काम दोन आरशांवर सोपविले. एकमेकांसमोर अगदी समांतर ठेवलेल्या, अंशतः पारदर्शक अशा दोन पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागेपुढे धावतो. ज्या लांबीच्या लहरी त्या अंतरात नेमक्या बसतात त्याच पलीकडे जातात, उरलेल्या परस्परांस मारून टाकतात. मार्सेयच्या फाब्री आणि पेरो या दोघांनी हे उपकरण १८९९ च्या सुमारास सिद्ध केले. त्यास एटॅलॉन म्हणतात. आता लहर नेमकी बसावी तर अंतरही नेमके हवे, आणि येथेच जुळवणीचा प्रश्न येतो.

तंबोरा लावताना खुंटी पिळून स्वर जवळपास आणावा लागतो व मग मणी सरकवून तो बसवावा लागतो. फिल्टरचेही तसेच, फक्त मणी सरकविण्याच्या रीती अनेक. एटॅलॉन किंचित कलता केला, की निवडलेली लहर आखूड होते, म्हणजे निळ्या बाजूस सरकते. आरशांमधील हवेचा दाब वाढविला, तर ती तांबड्या बाजूस जाते. म्हणून हवेचे उघडे एटॅलॉन समुद्रकाठी जुळवून डोंगरावर नेले तर सूर उतरतो. तिसरी रीत उष्णतेची: मधला अभ्रकाचा पापुद्रा तापविला की लहर लांबते, निवविला की आखूड होते. उदयपूरच्या सौर वेधशाळेत लिथियम नायोबेटच्या चकत्यांना विजेचा दाब देऊन हेच काम करतात. १९७५ च्या सुमारास डॉ. अरविंद भटनागर यांनी फतेहसागराच्या मधल्या बेटावर ती वेधशाळा वसविली. पुढे ती अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेकडे आली. तळ्यातच का, असा प्रश्न मला शासकीय कामानिमित्त उदयपूरला गेलो असता काठावर उभे राहून पडला होता. जमीन उन्हाने तापते, तिच्यावरची हवा उकळू लागते आणि दुर्बिणीतला सूर्य पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा हलतो. पाणी तसे तापत नाही. निजामपुऱ्यात तळे नाही, शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या छपरी मात्र पुष्कळ आहेत.

माझा फिल्टर उष्णतेवर चालणारा आहे. ऐंशी मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या मागे, नेत्रकाचेच्या आधी तो बसतो. वीज दिली, की त्याचा दिवा पिवळा होतो आणि अभ्रक ठरल्या तापमानास पोहोचला की हिरवा. एका बाजूस छोटी खुंटी आहे. मधल्या शून्यापासून दोहो बाजूंस पाच-पाच खुणा, प्रत्येक खूण एक दशांश अँगस्ट्रॉमची. खुंटी फिरविणे क्षणाचे काम, पण नंतर पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसावे लागते, कारण अभ्रकास घाई नसते. सचिवालयात अनेक वर्षे फाइलींची वाट पाहिलेल्या माणसास हे जड गेले नाही.

जुळले आहे हे ओळखावयाचे कसे? नवख्यास वाटते, चित्र जितके उजळ तितके चांगले. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हायड्रोजनच्या रेषेच्या मध्यावर सूर्याचा प्रकाश आसपासच्या प्रकाशाच्या सुमारे सहाव्या हिश्श्यावर येतो. तेव्हा खुंटी चुकीच्या जागी असेल तर तबकडी छान लाल, गुळगुळीत आणि झळझळीत दिसते, डागही दिसतात; पण तो खालचा, रोजचाच सूर्य असतो. एकेक खूण सरकवीत गेलो, की तबकडी मंदावते, मळकट होते आणि त्या मळकटपणातून पोत वर येऊ लागतो: चुंबकाभोवती लोहकीस रचावा तसे डागांभोवतीचे भोवरे, तबकडीवर पडलेले काळे लांबट तंतू, आणि काठाबाहेर, काळ्या आकाशात, तेजःशृंगे. तंतू आणि शृंगे ही एकच वस्तू. समोरून काळी, कडेने उजळ. सर्वांत अधिक तपशील आणि सर्वांत कमी उजेड ज्या खुणेवर मिळतो ती रेषेची जागा.

आणि ती सापडल्यावर मुद्दाम सोडूनही पाहावी. सूर्यावरचा वायू आपल्या दिशेने धावत असेल तर डॉप्लरच्या नियमाने त्याची रेषा निळ्या बाजूस सरकते. या रेषेवर एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर. माझ्या खुंटीची एक खूण म्हणजे साडेचार किलोमीटरहून किंचित जास्त. एखादा तंतू शून्यावर फिका आणि निळ्याकडच्या तिसऱ्या खुणेवर ठळक दिसला, तर तो आपल्या रोखाने उसळला आहे. खुंटीच्या एका खटक्यात वेग मोजला जावा, याचे मला अजून अप्रूप वाटते.

निजामपुऱ्याचे आकाश यासाठी आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही. कोयलीची रिफायनरी आणि खताचा कारखाना यांच्या शेजारी धुरकट पडदा असावयाचाच. पण सूर्य उदार आहे. थोडा धूर त्यास अडवीत नाही. खरा शत्रू तापलेली हवा. म्हणून थंडीच्या दिवसांत सकाळी साडेआठ ते दहा हीच वेळ. उत्तरायणाचे दोन दिवस मी दुर्बीण खाली ठेवतो. त्या दिवशी सारे बडोदे अगाशीवर असते आणि मांजा कोणाची भीड ठेवीत नाही. चैत्र-वैशाखात तर फिल्टरच हात टेकतो: त्याच्या तापकास तापविणे येते, निवविणे येत नाही, आणि उन्हात काळी नळी एवढी तापते की निळ्याकडच्या खुणा नुसत्या नावाला उरतात. पांढरे ओले फडके गुंडाळून काही दिवस निभावतात. मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात तो अवाढव्य डागसमूह आला, ज्याच्या उद्रेकांनी १० मेच्या रात्री लडाखमधील हानलेचे आकाशही तांबडे केले, तेव्हा मी सकाळी साडेसातलाच असे फडके गुंडाळून बसलो होतो. शांत सूर्याच्या दहा वर्षांतही जेवढे दिसले नसते तेवढे त्या तीन सकाळींत पाहिले.

आता दादाची हकीकत. १६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी सूर्यग्रहण होते. दक्षिणेत ते खग्रास, बडोद्यात खंडग्रास. दांडिया बाजारातले रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस पडले होते. आईने पाण्यात तुळशीपत्रे टाकून आम्हांस आत कोंडले होते. माझा थोरला भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलेला. तो गच्चीवर गेला आणि फोटोच्या काळ्या फिल्मचे दोन तुकडे डोळ्यापुढे धरून, उजवा डोळा मिटून, डाव्याने पाहत राहिला. काही दुखले नाही. दृष्टिपटलास वेदना नसते आणि काळी दिसणारी फिल्म अदृश्य उष्णकिरण सुखेनैव आत सोडते, हे त्या काळी घरोघरी ठाऊक नव्हते. संध्याकाळी त्यास भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख दिसेना. महिना दिसे, वार दिसे, ज्या आकड्याकडे पाहावे तो नाहीसा होई. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की यास औषध नाही. पुढे थोडे भरून आले, पण मधला ठिपका गेला तो गेलाच.

आईने हा सुतकाचा कोप ठरविला. दादाने वाद घातला नाही. एका डोळ्याने त्याने तीसहून अधिक वर्षे नकाशे काढले आणि रेषा कधी हलू दिली नाही. मात्र आमच्या घरातून आकाश हा विषयच उठला. २२ जुलै २००९ च्या पहाटे खग्रास ग्रहणाचा पट्टा थेट बडोद्यावरून गेला, ढगांआड का होईना अंधारून आले. सारे शहर रस्त्यावर होते आणि दादा दारे लावून आत बसून होता.

माझ्या फिल्टरची वार्ता त्यास लागली तेव्हा त्याने काही विचारले नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा खुंटीवरच्या खुणांचे माप विचारले. मी ओळखले. पण प्रश्न दादाचा नव्हता, वहिनींचा होता. मी विषय काढताच त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक डोळा सूर्याला वाहून झालाय. दुसरा माझा आहे."

यास उत्तर काय द्यावयाचे? शासकीय सवयीने मी टिपणच तयार केले: समोर दोन काचा कोणत्या, त्या काय अडवितात, अतिनील कोठे थांबते, अवरक्त कोठे, डोळ्यापर्यंत किती पोहोचते. वीज गेली तर काय, याचेही उत्तर लिहिले: लहर सरकेल, चित्र बिघडेल, डोळ्यास अपाय नाही. त्यांनी ते दोनदा वाचले आणि खाली आपला शेरा मारला, "आधी मी बघणार."

रथसप्तमीनंतरच्या रविवारी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, दोघे सकाळी रिक्षाने निजामपुऱ्यास आली. मी तासभर आधी फिल्टर लावून ठेवला होता. नैर्ऋत्य काठावर एक शृंग होते, कमानीसारखे, दोन पाय टेकलेले. वहिनींनी पदर आवळून घेऊन नेत्रकाचेस डोळा लावला आणि लगेच म्हणाल्या, "मळकट आहे हो." मी खुंटी तीन खुणा सरकविली, आम्ही चहा घेतला, त्यांनी पुन्हा पाहिले. "हां, आता कसा छान लख्ख दिसतो. पण ते काठावरचं कुठे गेलं?" जुळवणीचा सारा सिद्धान्त त्यांनी दोन वाक्यांत उरकला. मी खुंटी परत फिरविली. तिसऱ्या खेपेस त्या पुष्कळ वेळ वाकून उभ्या राहिल्या. मग बाजूस झाल्या आणि दादास म्हणाल्या, "या."

दादाने उजवा डोळा लावला. पंधरा मिनिटे तो बोलला नाही. मग त्याने हात खुंटीकडे नेला आणि माझ्याकडे पाहिले. "फिरव ना दादा," मी म्हणालो. एक खूण निळ्याकडे, थांबणे. आणखी एक, थांबणे. कमानीचा एक पाय फिका होत गेला आणि दुसरा टिकून राहिला. "हा पाय आपल्याकडे येतोय," तो म्हणाला. मी त्यास डॉप्लरविषयी काही सांगितलेले नव्हते. तो केव्हा वाचून आला होता कोण जाणे.

नंतर, वहिनी खाली गेल्यावर, त्याने डावा डोळा लावला. मी अडविले नाही. टिपणात दोन्ही डोळ्यांसाठी एकच उत्तर होते. "मधे बघितलं की मधलं जातं," तो म्हणाला, "पण मधे कोणाला बघायचंय? काठ स्वच्छ दिसतो." सूर्याच्या मध्यावर नजर ठेवली, की त्याचा जळलेला ठिपका तबकडीच्या पोटात पडे आणि भोवतीचा काठ, कमानीसह, तसाच राही.

तेव्हापासून तो महिन्यातून दोन-तीनदा येतो. येताना ड्रॉइंगचा कागद, एचबीची पेन्सिल आणि कंपास आणतो. दहा सेंटिमीटरचे वर्तुळ आधीच काढलेले असते. चित्राखाली तारीख, वेळ, खुंटीची खूण, हवेची स्थिती आणि कोणता डोळा, हे नकाशावरच्या तक्त्यासारख्या सुबक अक्षरांत. पावसाळ्यापर्यंत अशी एकवीस चित्रे झाली. माझ्या मते शृंगांच्या चित्रांत डाव्या डोळ्याची चित्रे सरस आहेत. त्यास ते मान्य नाही, आणि याविषयी आमचा वाद चालू आहे.

जून ते सप्टेंबर फिल्टर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असतो, कारण बडोद्याची दमट हवा असल्या काचांच्या लेपास मानवत नाही. पुड्या गुलाबी झाल्या, की कढईत भाजून पुन्हा निळ्या करावयाच्या. हे काम यंदा वहिनींनी आपणहून मागून घेतले. २ ऑक्टोबरला दसऱ्याच्या पूजेत दादाची कंपासपेटी आणि माझी दुर्बीण शेजारी शेजारी मांडली होती. दुर्बिणीस झेंडूची माळ घातली, नळीवर कुंकवाचे बोट ओढले. फिल्टरचा डबा मात्र वहिनींनी बंदच ठेवावयास लावला. हळदीचा कण काचेवर गेला तर पुसणार कोण, असे त्यांनी गुरुजींनाच विचारले.